काळी चार की पांढरी चार?

आमच्या घरात दोन तंबोरे होते. एक माझा आणि एक अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. माझा लहान, जनानी. अण्णांचा चांगला पाच फुटी, मर्दानी. माझा रोज सकाळी वाजत असे, आणि अण्णांचा, ते गेल्यापासून, गवसणी घालून कोपऱ्यात मुकाट उभा असे. गेल्या वर्षी ह्या व्यवस्थेत मोठी उलथापालथ झाली. आता अण्णांचा तंबोरा रोज वाजतो आणि माझा माझ्या घरात नाहीच. हे कसे झाले, त्यापायी मी काय शिकले आणि शिकण्यापूर्वी काय काय बिघडवून ठेवले, ते सांगायचे योजले आहे. गाणाऱ्यांना त्याचा थोडाफार उपयोग व्हावा. न गाणाऱ्यांना एका शहाण्या बाईची फजिती वाचल्याचे समाधान तरी खास मिळेल!

मी साताऱ्यास मुलींच्या शाळेत गायन शिकवून निवृत्त झालेली बाई. माझी पट्टी काळी चार. गाण्याशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगते, पेटीवरची जी पट्टी 'सा' मानून माणूस गातो, ती त्याची पट्टी. पुरुष बहुधा काळी एक, पांढरी दोन, काळी दोन अशा खालच्या पट्टीत गातात. बायका काळी चार, पांढरी सहा, काळी पाच अशा वरच्या. माझी काळी चार मला विसाव्या वर्षी गुरुजींनी ठरवून दिली. पुढे लग्नात आडनाव बदलले, पण पट्टी काही बदलली नाही. 'काळी चारवाल्या बाई' अशीच शाळेत माझी ओळख होती, आणि मला तिचा अभिमान होता हे कबूल करते.

तारांवर आळ

पन्नाशी उलटली आणि गळ्याची कुरकुर सुरू झाली. पूर्वी तार षड्ज कसा, हाक मारली की 'ओ' देत असे. आता दोनदोनदा हाका माराव्या लागत. मी म्हणे, सर्दी आहे. पावसाळा संपला की म्हणे, थंडी आहे. थंडी संपली की म्हणे, धूळ फार झाली आहे. साताऱ्याच्या हवेला मी जेवढे दोष दिले तेवढे तिच्या शत्रूनेही दिले नसतील!

कोजागरीला आमच्या गच्चीवर दरवर्षी आठदहा मंडळी जमतात. आटीव दूध, भेळ आणि नंतर माझे गाणे, असा शिरस्ता. त्या वर्षी बागेश्री मांडला. आलाप बरे झाले. अंतऱ्यात तार षड्जावर गेले आणि आवाज असा फाटला की माझा मलाच धक्का बसला. कोणी काही बोलले नाही. शेजारच्या काकू तेवढ्या हळूच म्हणाल्या, "दूध गार होतंय हं." त्या वाक्याइतके माझ्या गाण्यावरचे कठोर परीक्षण मी आजवर ऐकलेले नाही.

रात्रभर विचार करून सकाळी मी निष्कर्ष काढला की दोष तंबोऱ्याच्या तारांचा आहे. तारा पातळ आहेत, आवाज पोचट येतो, आधार मिळत नाही, म्हणून गळा डगमगतो. एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेले तेव्हा दुकानदारानेही माझ्याच मनातले सांगितले, "बाई, भारदस्त आवाज हवा ना? मग जाड तार घाला." मला तेच ऐकायचे होते. जोडीच्या तारा ०.२५ मिलिमीटरच्या होत्या, त्या काढून ०.३० च्या चढवल्या. अर्धा दशांश मिलिमीटर! बोटाला फरक कळायचा नाही. घरी येऊन तंबोरा पुन्हा काळी चारला मिळवला.

पहिले दोन दिवस आवाज खरोखर मोठा आला. मी खूष. मग खुंट्या सरकू लागल्या. मिळवलेला स्वर टिकेना. जवारी बसली, म्हणजे तारेचा तो भरलेला, झणकारत राहणारा आवाज जाऊन नुसते 'टण् टण्' होऊ लागले. आणि तीन आठवड्यांनी गवसणी काढताना भोपळा व दांडी जिथे जोडतात, तिथे गळ्याशी केसाएवढी चीर दिसली. मी मटकन खालीच बसले. अडतीस वर्षे सांभाळलेले वाद्य, आणि मी ते स्वतःच्या हाताने उसवले होते.

तलवारींच्या गल्लीत

तंबोऱ्याला दुखणे झाले की आमच्या बाजूची माणसे मिरजेस जातात. दुसरा वैद्य आम्हांस ठाऊक नाही. माहुलीच्या स्टेशनावर गाडीत बसले, तंबोरा लेकुरवाळीसारखा मांडीशी धरला आणि मिरजेस उतरले.

मिरजेची सतारमेकर गल्ली ही एक अजब जागा आहे. उंबऱ्याउंबऱ्यावर भोपळे वाळताहेत, कोणी दांडी तासतो आहे, कोणी तबलीवर कानस फिरवतो आहे, आणि दहा दुकानांतून दहा वेगवेगळे षड्ज एकदम कानी पडताहेत. ह्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया सरल्या, तलवारी म्यानात गेल्या आणि धार लावणाऱ्या हातांना काम उरेना. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्याचा व पुढे घडवण्याचा उद्योग धरला. तो आज कित्येक पिढ्या चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या गावात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येऊन राहिले आणि १९३७ साली गेल्यावर ज्या मातीत विसावले, त्या गावच्या तंबोऱ्याला सरकारी शिक्क्याची गरज नव्हती. पण मिळाला हे बरेच झाले. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. तंबोरा नीट लागल्याशिवाय गायला बसणे म्हणजे काय पाप आहे, हे त्या गावाला वेगळे शिकवावे लागत नाही.

माझा तंबोरा ज्यांच्याकडून घेतला होता, त्या घरचे वडीलधारे कारागीर दुकानात बसले होते. सारे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी चीर पाहिली, तारेवरून नख फिरवले आणि विचारले,

"ही तार कुणी घातली?"

"मीच," मी म्हटले. "आवाज पोचट येत होता."

"बाई, तारेला बोल लावू नका. ती बिचारी मुकी. ओढाल तेवढी ताणून घेते. पट्टी कोणती?"

"काळी चार."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "कुणाची? तंबोऱ्याची, का गळ्याची?"

चहा येईपर्यंत

मला ह्या प्रश्नाचा राग आला. मी जरा तोऱ्यातच म्हटले, "दोघांची एकच आहे, चाचा. चाळीस वर्षे."

"असंल. चहा सांगितलाय. तोवर काहीतरी गुणगुणा. पेटी नको, तंबोरा नको. आपलं घरात भाजी निवडताना गुणगुणता, तसं."

आता भाजी निवडताना मी काय गुणगुणते ते मलाही माहीत नव्हते. आईची एक जुनी भूपाळी ओठांवर आली, ती म्हणू लागले. दोनतीन ओळी झाल्या असतील. मी रंगले होते. एवढ्यात मागून एक तंबोरा माझ्या स्वरात अलगद मिसळला. चाचांनी भिंतीचा एक तंबोरा काढून माझ्या षड्जाशी मिळवला होता. मी थांबले. त्यांनी हात लांबवून पेटीची एक पट्टी दाबली. पांढरी चार!

काळी चारपासून पांढरी चार म्हणजे पुरते तीन स्वर खाली.

"सहज गुणगुणताना माणूस खोटं बोलत नाही, बाई," चाचा म्हणाले.

चहा आला. मला तो गिळवेना. मी विचारले, "म्हणजे माझा आवाज गेला म्हणायचा?"

"गेला कुठं? खाली उतरलाय. माणूस जिना उतरला म्हणजे घर सोडून गेला होय?"

वाचकहो, वयाबरोबर चष्म्याचा नंबर बदलतो, तो आपण बिनतक्रार बदलून घेतो. गुडघ्यांचे मानतो, दातांचे मानतो. गळ्याचे मात्र मानवत नाही. गंगूबाई हनगलांचा आवाज गळ्याच्या दुखण्यानंतर केवढा खाली आला, आणि त्याच आवाजाने त्यांनी पुढे किती वर्षे श्रोत्यांना वेड लावले, ही कथा शाळेत मुलींना मी दरवर्षी सांगत असे. सांगणे निराळे आणि स्वतःच्या गळ्यावर घेणे निराळे. त्या दिवशी चाचांच्या दुकानात बसून मी ते मान्य केले. खरे सांगायचे तर, मान्य करताच गळ्यावरचे एक ओझे उतरल्यासारखे वाटले.

लग्नपत्रिकेवरचे गणित

आता प्रश्न उरला तो वाद्याचा. पांढरी चारला मिळवायचे तर कोणता तंबोरा, आणि कोणत्या तारा?

माझा एक पुतण्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. त्याने एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे मला सारे गणित मांडून दाखवले. ते इतके सोपे निघाले की चाळीस वर्षे आपण हे कुणाला विचारले का नाही, असे वाटले.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. तार लांब केली की स्वर खाली येतो, ताण वाढवला की वर जातो, तार जाड म्हणजे जड केली की पुन्हा खाली. त्यातही ताणाचा हिशेब वर्गाचा आहे. त्याच तारेवर स्वर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट लागतो. उलट, तीच तार एक सप्तक खाली आणली तर ताण चौथाईवर येतो आणि तार लुळी पडते. म्हणूनच खर्जाला निराळी तार लागते. धातू तोच असेल तर जोडीच्या तारेच्या दुप्पट जाड हवी, तेव्हा कुठे सारखा ताण राहील.

माझी चूकही ह्या हिशेबात लख्ख दिसली. ०.२५ ची तार काढून मी ०.३० ची घातली आणि पट्टी तीच ठेवली. जाडी वाढली पाचव्या हिश्श्याने, पण वजन वाढले ४४ टक्क्यांनी, आणि तेवढाच ताण! माझ्या तंबोऱ्यावर घोडीपासून अटीपर्यंत साडेएकतीस इंचांचे अंतर आहे. तेवढ्या लांबीत ०.२५ ची तार काळी चारला मिळवली की तिच्यावर साधारण सव्वाचार किलोचा ओढा असतो. मी तो सहा किलोंच्या वर नेला. गळ्याशी चीर पडेल नाही तर काय होईल?

आणि मौज पाहा. तीच ०.३० ची तार पांढरी चारला उतरवली, की ताण पुन्हा बरोबर पूर्वीइतका होतो. म्हणजे तार चुकीची नव्हतीच. पट्टी चुकली होती. दुकानदाराने सांगितलेले औषध खरे होते, पण मी रोग दुसराच सांगितला होता.

चीर सांधून चाचांनी माझा तंबोरा पांढरी चारला मिळवून दाखवला. वाजला. पण लहान भोपळ्यातून तो खालचा स्वर जरा कोंडल्यासारखा येत होता. चाचा म्हणाले, "चालंल. पण हा जनानी तंबोरा वरच्या पट्टीसाठी घडवलेला. ह्याला खाली ओढून आणलं तर येतो, पण मनापासून बोलत नाही. घरात मोठा एखादा आहे का?"

घरात मोठा एखादा होता.

अण्णांचा तंबोरा

अण्णा कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी गवई. पट्टी पांढरी दोन. त्यांच्या अखेरच्या वर्षात एकदा ते मला म्हणाले, "बाळे, आता मला खुंटी पिळवत नाही. तू हा वाजवीत जा. वाद्य पडून राहिलं की मुकं होतं." मी म्हटले, "अण्णा, मर्दानी तंबोरा माझ्या काय कामाचा? माझी पट्टी काळी चार." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच गवसणी घातली. ती पुढे चौदा वर्षे निघाली नाही.

ती काढताना हात थोडा थरथरला हे सांगायला हरकत नाही. तारा गंजून काळ्या पडल्या होत्या, एक मणी हरवला होता. पण भोपळा शाबूत, दांडी सरळ. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी होणारा कडू भोपळा आणि तून झाडाचे जुने लाकूड. त्याला चौदा वर्षांनी काय होते! तो घेऊन पुन्हा मिरज गाठली, ह्या वेळी जावयाच्या मोटारीतून.

अण्णांच्या तंबोऱ्यावर घोडी ते अट सदतीस इंच भरले. जोडीला ०.३० च्या तारा, पांढरी दोनसाठी योग्य. तिथून पांढरी चार म्हणजे तीन स्वर वर. त्याच तारा तशाच वर ओढल्या असत्या तर मी माझ्या तंबोऱ्यावर केला तोच अत्याचार ह्याच्यावर झाला असता. म्हणून इथे उलटे करायचे: तार बारीक करायची. ०.३० काढून ०.२५. लांब दांडीवर बारीक तार, ताण पुन्हा सव्वाचार किलोंच्या आसपास. माझ्या तंबोऱ्याची जी जाडी मी पोचट म्हणून हिणवून काढून टाकली होती, तीच अण्णांच्या तंबोऱ्यावर चढली!

पंचमाची तार जोडीच्या तारेहून एक तृतीयांशाने जाड घेतली. हिच्याविषयी एक सूचना करून ठेवते. ही एकच तार रागाप्रमाणे बदलावी लागते. मालकंसात पंचम नाही, म्हणून ती मध्यमाला उतरवतात. मारव्यात निषादाला चढवतात. मध्यमापासून निषादापर्यंत तिच्यावरचा ताण दुप्पट होतो. तेव्हा जो गवई नित्य निषाद लावतो, त्याने ही तार किंचित बारीकच घ्यावी, नाहीतर ऐन मैफिलीत ती तुटून गालावर बसते.

राहिली खर्जाची. ती पितळेची, ०.४५ ची. पोलादाची का नको, असे मी विचारले. खालच्या स्वराला जड तार लागते. पण पोलादी तार जाड केली की ताठ होते, आणि ताठ तारेचा स्वर कडक येतो. सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याकडचे वादक जो माणसाहून उंच डबल बेस उभ्याने वाजवीत, त्यालाही हीच अडचण. तिथे ती निराळ्या तऱ्हेने सोडवतात: गाभ्यावर दुसरी बारीक तार गुंडाळून वजन वाढवतात आणि लवचीकपणा राखतात. तंबोऱ्यावर गुंडाळलेली तार घोडीला खरबरीत घासेल आणि जवारी उठणार नाही. म्हणून आपल्या लोकांनी पितळ निवडले. ते पोलादाहून थोडे जड आणि पुष्कळ मऊ. त्यामुळे खर्जाचा स्वर गोल येतो, टोचत नाही.

दोऱ्याएवढी जागा

तारा चढल्या, मिळाल्या, आणि तरीही तंबोरा बोलेना. माझा चेहरा पडला. चाचा म्हणाले, "आत्ता कुठं माझं काम सुरू."

घोडी म्हणजे तबलीवरचा तो लहानसा पाट, ज्यावरून तारा जातात. पूर्वी हस्तिदंताच्या घोड्या असत. आता हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे, आणि हाडाच्या किंवा लाकडाच्या घोड्या चालतात. पाहायला ती सपाट वाटते, पण सपाट नसते. तिला अगदी पुसटसा बाक असतो. तार कंप पावताना त्या बाकाला पुनःपुन्हा शिवते, आणि त्या शिवण्यातूनच झणकार उठतो. हीच जवारी. बारीक तारेला बाक निराळा, जाड तारेला निराळा. म्हणून तारेची जाडी बदलली की जुनी जवारी चालत नाही. पुन्हा घासून काढावी लागते. ही गोष्ट मला दुकानात तार घेताना कोणी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

चाचा पाऊण तास घासत होते. कानस दोनदा फिरवायची, तार वर ठेवायची, छेडायची, पुन्हा घासायची. मधूनच डोळे मिटून बसायचे. अखेरीस त्यांनी तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि नखाने तो पुढेमागे करू लागले. दोरा एका जागी आला मात्र, तार एकदम उघडली. कोंदट खोलीची खिडकी उघडावी तसे झाले. दोरा रेसभर पुढे सरकला की बंद, मागे सरकला की बंद. मधल्या त्या एवढ्याशा जागेत सारा तंबोरा.

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी ह्याच घोडीवर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडावी, तो बिंदू ज्या उपस्वरात स्थिर राहतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये असा नियम आहे. रामन ह्यांनी दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानीत नाहीत; जे स्वर उठू नयेत तेही ह्या रुंद, बाकदार घोडीमुळे उठतात. कारागिरांच्या कानाला जे ठाऊक होते, ते शास्त्रज्ञाने कागदावर मांडले.

ह्या उपस्वरांतलाच एक म्हणजे खर्जातून आपोआप उमटणारा गंधार. खर्जाच्या कंपनांच्या दुप्पट म्हणजे मधला षड्ज, तिप्पट पंचम, चौपट तार षड्ज आणि पाचपट गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार कोणी लावलेली नसते, पण सारे नीट जुळले की तो वरून कुठून तरी ऐकू येतो. माझ्या तंबोऱ्यावर तो मला कधीकधी ऐकू येई. अण्णांच्या तंबोऱ्याच्या खर्जातून त्या दिवशी तो असा स्वच्छ उमटला की मी चाचांकडे पाहिले आणि त्यांनी नुसती मान हलवली. चौदा वर्षे तो त्या गवसणीत होता.

जाणाऱ्याला चार गोष्टी

तंबोरा किंवा तारा घ्यायला जाणाऱ्यांना माझ्या चुकांच्या भांडवलावर चार गोष्टी सांगते. पहिली, घरून निघण्यापूर्वी आपली आजची पट्टी पाहून घ्या. दहा वर्षांपूर्वीची नव्हे. पेटी बंद ठेवून गुणगुणा आणि मग शेजारच्याला पट्टी दाबून पाहायला सांगा. दुसरी, वाद्य पट्टीप्रमाणे निवडा, बाई की बुवा ह्यावरून नव्हे. खालच्या पट्टीला मोठा भोपळा आणि लांब दांडी, वरच्या पट्टीला लहान. तिसरी, तारा नंबरावर घेऊ नका. एका पद्धतीत नंबर वाढला की तार बारीक होते, दुसरीत जाड होते, मिलिमीटरातच मागा. जोडीच्या दोन्ही तारा एकाच रिळातल्या घ्या आणि बदलाल तेव्हा दोन्ही एकदम बदला, नाहीतर एक नवी एक जुनी अशी जोडी सासूसुनेसारखी कधी एका सुरात बोलायची नाही. चौथी, तारेची जाडी बदलली तर जवारीचे काम निघणारच, ते खर्चात धरा.

हल्ली खोक्यातला तंबोरा मिळतो, टेलिफोनमध्येही मिळतो. प्रवासात मीही तो वापरते. त्याला नावे ठेवणार नाही. तो पाहिजे त्या पट्टीत तत्काळ वाजतो, आणि नेमके तेच त्याचे वैगुण्य आहे. तो कधी विचारत नाही, "बाई, पट्टी कुणाची?"

माझा लहान तंबोरा आता माझ्या एका विद्यार्थिनीकडे आहे. पोरीचा गळा काळी चारचा, अगदी माझा होता तसा. तारा पुन्हा ०.२५ च्या. तिच्या वडिलांनी किंमत विचारली, तेव्हा मी म्हटले, "रोज वाजवायचा, एवढीच." देताना वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर, फराळाला बसण्यापूर्वी, अण्णा एक तरी चीज म्हणत असत. गेल्या दिवाळीत त्यांच्या तंबोऱ्यावर मी म्हटली. पांढरी चार. तार षड्जावर गेले तेव्हा क्षणभर धाकधूक झाली, पण तो जागेवर होता. शेजारच्या काकू फराळाचे ताट घेऊन दारात उभ्या होत्या. गाणे संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत, आणि चहा गार झाला तरी त्यांनी तसे सांगितले नाही.